आधी गुडघा सरळ होऊ द्या



कबड्डीत चढाई करताना पाय रोवून अंग वळवलं, गुडघ्यात 'कट्' आवाज झाला, एसीएल हे गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली. असा मुलगा महिन्याभराने आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत येतो, तेव्हा त्याच्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याला मांडी कधी घालता येईल हो?" प्रश्न रास्त आहे. आपली पंगत, पूजा, भजन, शेतातली खुरपणी, सगळं जमिनीवर बसून. त्यामुळे गुडघा किती वाकला यावर घरादाराचं लक्ष असतं. तो पूर्ण सरळ होतो का, हे मात्र कुणी बघत नाही. आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं.

गुडघा पूर्ण सरळ असला की उभं राहताना मांडीच्या पुढच्या स्नायूला फारसं काम पडत नाही. पाच-सात अंश जरी कमी पडले, तरी तो स्नायू उभ्या-उभ्या राबत राहतो, वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, चाल लंगडी होते. वाकणं थोडं कमी राहिलं तर माणूस खुर्चीत बसून जेवेल. सरळपणा गेला, तर त्याचं प्रत्येक पाऊल बिघडतं.

सरळपणा का जातो? नवं लिगामेंट बहुधा रुग्णाच्याच स्नायुबंधातून घेतात आणि हाडांत बोगदे पाडून बसवतात. शरीराच्या लेखी ती जखमच. सूज येते, पेशी कोलाजेनचे तंतू विणतात, जखम भरते आणि काम थांबतं. काही जणांत ते थांबत नाही. तंतू वाढत जातात, आकसतात. वाटीखालची चरबीची मऊ गादी घट्ट होऊन चिकटते. वाटी वर-खाली सरकेनाशी झाली की गुडघा दोन्ही बाजूंनी अडतो. कधी लिगामेंटच्या पुढे तंतूंची गाठ तयार होते आणि पाय सरळ करताना सांध्यात पाचरीसारखी अडकते. जॅक्सन आणि शेफर या शल्यविशारदांनी 1990 मध्ये तिचं वर्णन केलं. दुर्बिणीतून ती एखाद्या डोळ्यासारखी दिसते, म्हणून ग्रीक पुराणकथेतल्या एकडोळ्या राक्षसावरून तिला सायक्लॉप्स म्हणतात.

एके काळी अशा शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत, आणि गुडघे आखडत. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या डॉ. डोनाल्ड शेलबोर्न यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जे रुग्ण सूचना न पाळता लवकर हिंडू-फिरू लागले, त्यांचेच गुडघे चांगले होत होते! त्यावरून त्यांनी 1990 मध्ये लवकर हालचालीची पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवलं, की दुखापतीनंतर पहिल्या आठवड्यातच शस्त्रक्रिया केली तर गुडघा आखडण्याचं प्रमाण वाढतं, निदान तीन आठवडे थांबलं तर कमी होतं. म्हणून दुसरी काही तातडी नसेल, तर सूज उतरू द्या, पाय सरळ होऊ द्या, मग टेबलावर जा. घाई हवी ती व्यायामाची.

आता घरातलं. रुग्णाला बरं वाटावं म्हणून प्रेमाने गुडघ्याखाली उशी दिली जाते. ती काढा. या उशीमुळे गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडू शकतो. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबा. दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ. आपल्या शल्यविशारदांनी काही बंधन घातलं असेल तर त्यांना विचारून. सोबत बर्फाचा शेक, आणि फिजिओने शिकवल्याप्रमाणे वाटी बोटांनी हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणं.

एक परीक्षा घरी करता येते. पलंगावर पालथं झोपा, गुडघ्याखालचे दोन्ही पाय कडेबाहेर मोकळे सोडा. शेजारी बसून दुसऱ्याने टाचा पाहाव्यात. शस्त्रक्रियेच्या पायाची टाच वर राहिली, तर दर सेंटिमीटरमागे साधारण एक अंश सरळपणा कमी आहे. दर आठवड्याला हा फरक वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

जोर लावून गुडघा मोडू नका, हे मात्र मी हात जोडून सांगतो. कुणी मालिशवाला पायावर बसतो, रुग्ण ओरडतो, घरचे म्हणतात "दुखल्याशिवाय सुटायचं नाही." व्यायामात ताण जाणवणारच, पण दुसऱ्या दिवशी गुडघा गरम आणि सुजलेला असेल, तर आदल्या दिवशीचा जोर जास्त झाला. सूज वाढली की आतले तंतूही वाढतात. बळजबरीने आपण आजारालाच खतपाणी घालतो.

इतकं करूनही काही आठवडे प्रगती थांबली, तर परत शल्यविशारदांकडे जायचं. बोगदा चुकीच्या जागी पडल्यामुळे नवं लिगामेंट अडकतंय का, आत जंतुसंसर्ग आहे का, हे आधी तपासावं लागतं. वण अजून कोवळा असेल तर भूल देऊन गुडघा वाकवता येतो. पण उशीर झाल्यावर तसं केलं तर हाड मोडण्याची, लिगामेंट पुन्हा तुटण्याची भीती असते. तेव्हा दुर्बिणीतून चिकटलेले तंतू सोडवतात, गाठ असल्यास काढतात. त्यानंतर त्याच दिवसापासून व्यायाम लागतो. तो झाला नाही, तर वण पुन्हा धरतो.

ताप आला, गुडघा लालबुंद झाला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाकी सगळ्यांना एवढीच विनंती: शस्त्रक्रियेची तारीख ठरवाल, त्याच दिवशी फिजिओची पहिली तारीखही ठरवा, आणि पहिल्या भेटीत "किती वाकेल" याच्या आधी "पूर्ण सरळ होतोय का" हे विचारा.