संगीत रंगभूमीचा जमाखर्च

(नाशिक येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



५ ऑक्टोबर १८८० रोजी फ्रेंच ऑपरेटांचा अग्रणी संगीतकार झाक ऑफेनबाख पॅरिसमध्ये निवर्तला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. हा निव्वळ योगायोग खरा. परंतु दोन्ही परंपरांच्या जमाखर्चात विलक्षण साम्य आहे.

ऑपरेटा म्हणजे गद्य संवाद आणि गाणी यांचे हलकेफुलके संगीत नाटक. ‘पाताळातील ऑर्फियस’मध्ये (१८५८) ऑफेनबाखने देवादिकांची टर उडविली आणि प्रेक्षकांनी तीत तिसऱ्या नेपोलियनचा दरबार ओळखला. आपल्याकडे देवलांच्या ‘शारदे’ने (१८९९) म्हाताऱ्याला मुलगी विकणाऱ्या समाजाला आरसा दाखविला. तिकीट काढून येणारा प्रेक्षक पाठीशी होता, म्हणूनच हे धैर्य शक्य झाले.

परंतु तिकिटाच्या उत्पन्नाने धैर्य दिले तरी स्थैर्य दिले नाही. भपकेबाज प्रयोगांपायी ऑफेनबाख कर्जात बुडाला आणि ते फेडण्यासाठी १८७६ साली त्याला अमेरिकेचा दौरा करावा लागला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे या तीन कलावंतांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. कलावंतच मालक, ही केवढी आशादायक घटना! पण पुढे दोघे भागीदार बाहेर पडले, वैभवाचा खर्च वाढला आणि मंडळी कर्जाच्या विळख्यात सापडली. त्यात मुंबई प्रांतात १९२३ साली करमणूक कर आला आणि १९३२ साली मराठी बोलपट.

म्हणजे रसिक संपले होते काय? मुळीच नाही. आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ला १९६४ साली लोकांनी डोक्यावर घेतले. उणीव रसिकतेची नव्हती, व्यवस्थेची होती. तोट्याचा भार कोणी वाहावा, हे कधी ठरलेच नाही. म्हणून तो सर्वांत दुबळ्यावर पडला. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा दर प्रयोगाच्या ‘नाईट’वर जगणारे पडदा ओढणारे, रंगभूषा करणारे, साथीदार एका दिवसात निराधार झाले.

म्हणून दोन सूचना करतो. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या पालिकेच्या नाट्यगृहांचे भाडे प्रयोगाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात आकारावे. आणि प्रत्येक तिकिटातील ठरावीक हिस्सा या कामगारांच्या निधीत जावा. निधीचा कारभार त्यांनीच निवडलेल्या प्रतिनिधींकडे असावा. ही दया नव्हे; ज्यांच्या श्रमावर प्रयोग उभा राहतो, त्यांचा तो हक्क आहे.