तबकड्या पुसण्याआधी
(स्नेहसंमेलनातील भाषण)



शाळेच्या ग्रंथालयाला घरातल्या जुन्या ध्वनिमुद्रिका द्यायचं आपल्या तुकडीनं ठरवलं, आणि मला तबकड्यांचं वेड म्हणून बोलायला उभं केलं. गाण्यावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी धुण्यावर बोलतो.

विनंती एकच: देण्यापूर्वी तबकड्या स्पिरिटनं पुसू नका. करोनापासून घरोघरी सॅनिटायझर आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्या आईवडिलांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या. सुतार लाकडाला पॉलिश करताना लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. तेच तबकडीवर चोळलं की खाचा विरघळतात. बालगंधर्वांचं तीन मिनिटांचं पद बोळ्याबरोबर निघून येतं आणि ते परत बसवता येत नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं ३३ फेऱ्यांची लाँग प्ले बाजारात आणली, ती व्हिनाइलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची. तिच्यासाठी मिळणाऱ्या काही द्रवांत थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्यानं बोटांचा तेलकटपणा निघतो आणि तबकडी लवकर वाळते. व्हिनाइलला ते चालतं, लाखेला नाही. म्हणून बाटलीवरचा मजकूर आधी वाचायचा. तबकडी जड, कडक आणि लेबलवर ७८ असेल, तर ती लाखेचीच समजा.

मग धुवायचं कशानं? नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत बसतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते चालेल (दुकानदारानं ॲसिड दिलं नाही ना, एवढं पाहा!). नुसतं पाणी मात्र खाचेत नीट उतरत नाही, थेंब होऊन वर बसतं. म्हणून त्यात बिनवासाचा, बिनरंगाचा सौम्य साबण अगदी थेंबभर. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनंही टर्जिटॉल नावाचा असाच पदार्थ शुद्ध पाण्यात अगदी कमी प्रमाणात मिसळून वापरला आहे. भांड्यांचा लिंबूवाला साबण नको, त्याचा थर मागे राहतो. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवायचं. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा धुऊन, टिपून, सावलीत उभी वाळवायची. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवायची नाही.

पावसाळ्यातली पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नका. तशीच वेगळ्या पिशवीत आणा, मी बघतो.

एवढं करायला वेळ नसेल तर धुऊच नका. धुळीसकट द्या. मळलेली तबकडी पुढच्या वर्षीही धुता येते. फक्त आणताना उभ्या ठेवा, आणि खोकं उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. वडिलांनी कव्हरवर काही लिहिलं असेल, तर ते कव्हरही द्या.