खोपोली : फाट्याच्या टोकाचे स्थानक



कर्जत ते खोपोली हा लोहमार्ग अवघा पंधरा किलोमीटरांचा, आणि तोही एकेरी. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. समोर सह्याद्री. मुंबईची उपनगरी गाडी येथवर येते आणि आल्या वाटेने परतते. डोंगर आडवा आला म्हणून मार्ग संपला, असे पाहणाऱ्यास वाटते. इतिहास निराळे सांगतो.

१८५६ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हा तो फाटा नव्हताच. पुण्याकडे जाणारी वाट होती. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी धावू लागली, पण मधला बोरघाट फोडणे बाकी होते. प्रवासी खोपोलीस उतरून पालखीने, तट्टावरून वा बैलगाडीने घाट चढत. १८६३ मध्ये घाटातील मार्ग खुला झाला, गाड्या पळसदरीहूनच वर वळल्या आणि खोपोली आडबाजूला पडली.

तो घाट कोणी फोडला? १८६१ मध्ये तेथे बेचाळीस हजारांपर्यंत मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेले. कंत्राटदार फॅव्हिएल, त्याच्या मागून आलेला ट्रेडवेल आणि ट्रेडवेल वारल्यावर काम पुढे नेणारी त्याची पत्नी ॲलिस ही नावे ग्रंथांत आहेत, मजुरांची नाहीत. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी हे मजूर उठले. पुढच्याच वर्षी मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. मजुरीचे तंटे त्वरित निकालात काढण्याची सोय त्यात होती खरी. पण काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याचीही होती. सरकारची निःपक्षपाती वृत्ती ती हीच!

पुढे १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली आले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी धावली. १९३० च्या सुमारास ती घाट चढून पुण्यास पोहोचली. वीज जेथे निर्माण होत होती त्या गावच्या फाट्यावर मात्र ती यावयास त्यानंतर कित्येक दशके लागली.

म्हणजे खोपोलीस मार्ग संपतो तो डोंगरामुळे नव्हे. मार्ग कोणासाठी आखायचा, या निर्णयामुळे तो तेथे संपतो. आज या पट्ट्यात कारखाने आहेत, पाळ्या आहेत, कर्जत-कल्याणकडे रोज जाणारे कामगार आणि विद्यार्थी आहेत. गाड्या मात्र मोजक्या. एक चुकली की फलाटावर ताटकळायचे, नाही तर रिक्षाला रोजातले पैसे मोजायचे. प्रवासी थोडे म्हणून गाड्या थोड्या, असा युक्तिवाद नेहमीचा आहे. परंतु पाळी सुटल्यावर गाडीच नसेल तर प्रवासी मोजणीत येणार कोठून? जो रस्त्याने गेला, तो रेल्वेच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

तेव्हा नुसत्या ‘गाड्या वाढवा’ या घोषणेने भागणार नाही. प्रत्येक कारखान्याची पाळी केव्हा सुटते, त्या वेळी किती माणसे कोणत्या वाहनाने आणि किती पैसे मोजून घरी जातात, याची नोंद दारोदार जाऊन करावी लागेल. एकेरी मार्गावर गाड्या वाढवण्यास मर्यादा आहे, हे उत्तर येईलच. दुसऱ्या रुळाची मागणी त्या नोंदवहीसह पुढे ठेवावयाची आहे, आणि आरंभ रात्रपाळीपासून करावा. शेवटच्या गाडीनंतर घरी जाणाऱ्यांची मोजदाद रेल्वे कधीच करणार नाही.