निकालात निघालेली मोटार

बेळगावहून निघालेला रस्ता पिरनवाडीच्या नाक्यावर दोन वाटांना फुटतो. एक वाट मच्छे ओलांडून खानापूरकडे जाते आणि पुढे अनमोडच्या घाटाने गोव्यात उतरते. दुसरी किणये-जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटाकडे वळते. ह्या नाक्यावर घटकाभर उभे राहिले, तर कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तीन राज्यांचे क्रमांक मिरवणाऱ्या मोटारी एकामागून एक जाताना दिसतात. त्यांत परदेशी घडणीची एखादी लांबलचक, काळीभोर, आवाज न करता सरकणारी मोटारही असते. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात उमर घालविलेला गृहस्थ, लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेला सुभेदार, किंवा स्वतःची लेथयंत्रे टाकून चार पैसे गाठीस बांधलेला उद्योजक अशा मोटारीकडे पाहतो आणि आपल्याही दारात ती उभी राहावी, असे त्याला वाटते. त्यात गैर काही नाही. कष्टाने मिळविलेल्या पैशाने माणसाने हौस करावयाची नाही, तर कशाने करावयाची?

अशा गृहस्थाच्या कानावर एखादे दिवशी एक बातमी येते. मुंबई, पुणे वा बंगळूरहून एक मोटार आली आहे. नवी घ्यावयास गेल्यास साठ लाख रुपये पडतील, ती पंधरा-सोळा लाखांत मिळते आहे. रंग लखलखीत, आसने कातड्याची, इंजिनाचा सूर स्वच्छ. सौदा ठरत आला, की दलाल आवाज किंचित खाली आणून सांगतो, “गाडी टोटल लॉस आहे, पण कागद क्लिअर आहेत.” ह्या एका वाक्यात घेणाऱ्याच्या साऱ्या भवितव्याचे बीज असते. म्हणून ते वाक्य नीट उलगडून पाहिले पाहिजे.

‘टोटल लॉस’ हा विमा व्यवसायातला शब्द. मोटारीचा विमा उतरविताना तिची एक किंमत धरलेली असते आणि ती वयाप्रमाणे उतरत जाते. प्रचलित कोष्टकाप्रमाणे दोन वर्षे पुरी होऊन तिसरे चालू असलेल्या गाडीच्या छापील किमतीतून ३० टक्के घट धरतात. म्हणजे साठ लाखांच्या गाडीची विम्यापुरती किंमत ४२ लाख होते. पुढे अपघात झाला किंवा गाडी पुरात बुडाली, की परवानाधारक सर्वेक्षक येऊन दुरुस्तीचा अंदाज काढतो. हा अंदाज विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत जमा धरावी, असे विमापत्रात लिहिलेले असते. ४२ लाखांच्या बाबतीत ही रेघ साडेएकतीस लाखांवर पडते. मग कंपनी मालकाला भरपाई देते आणि उरलेला सांगाडा बोली लावून विकला जातो. तो सांगाडा घेणारा त्याची डागडुजी करतो, रंग चढवितो, आणि तीच मोटार फिरत फिरत दुसऱ्या गावच्या नाक्यावर येऊन उभी राहते.

आता विचार करण्याजोगा पहिला प्रश्न हा, की ज्या दुरुस्तीला तीस-बत्तीस लाख लागतील असे जाणत्या माणसाने लिहून ठेवले, ती दुरुस्ती चार-पाच लाखांत कशी झाली? ह्याची उत्तरे दोनच संभवतात. एक उत्तर प्रामाणिक आहे. कंपनीच्या कार्यशाळेत मजुरी भारी असते, तेथे प्रत्येक भाग नवा घालतात. उलट कुशल कारागीर मजुरी कमी घेतो आणि दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला भाग शोधून बसवितो. बेळगावसारख्या यंत्रकुशल गावात हे अशक्य मुळीच नाही. दुसरे उत्तर मात्र अप्रामाणिक आहे: जे भाग डोळ्यांना दिसतात तेवढे दुरुस्त झाले, जे दिसत नाहीत ते तसेच राहिले. दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. घेणाऱ्याला निर्णय करावयाचा आहे तो गाडी स्वस्त आहे की नाही ह्याचा नव्हे. ही स्वस्ताई ह्या दोहोंपैकी कोणत्या वाटेने आली ह्याचा.

पुरातील गाड्यांच्या बाबतीत हा भेद फार सूक्ष्म असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद पडला. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या श्रीमंत वसाहतींत लक्षावधी रुपयांच्या मोटारी छपरापर्यंत पाण्यात गेल्या. पूर ओसरतो, गाडी वाळते, सुरूही होते. परंतु पाणी गेले तरी त्याने आणलेली माती आणि ओल आत राहते. इंजिनाने पाणी ओढले असेल, तर पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने आतले कनेक्टिंग रॉड वाकलेले असू शकतात. उंची मोटारीत तर मैलाची गोष्ट वाटावी इतकी वायर आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या गालिच्याखाली, आसनाखाली दडलेल्या असतात. त्यांच्या जोडांवर गंज हळूहळू चढतो. सहा महिन्यांनी एखाद्या रात्री दिवे मालवतात, किंवा गाडी ऐन घाटात बंद पडते. साध्या गाडीत असा दोष शोधून काढता येतो. जिथे सुकाणूपासून ब्रेकपर्यंत सारे संगणकाच्या सांगण्याने चालते, तिथे एका ओल्या जोडासाठी साऱ्या गाडीचे आतडे बाहेर काढावे लागते.

धडकेतून आलेल्या गाडीची गोष्ट निराळी, पण तितकीच गंभीर. आजच्या मोटारीचा पुढचा भाग धडकेत चुरडला जावा आणि माणसे बसलेला भाग शाबूत राहावा, अशीच तिची रचना असते. तिच्या सांगाड्यातील काही तुळया अतिकठीण पोलादाच्या असतात. त्या तापवून सरळ केल्या, की त्यांचे बळ जाते. त्या बदलाव्याच लागतात. एअरबॅग एकदा फुगली, की ती आणि तिच्यासोबत सुटलेला आसनपट्ट्याचा ताणक दोन्ही नवे घालावे लागतात. हा खर्च मोठा, आणि तो वाचविला तरी कोणाला दिसत नाही. पोकळ जागेवर झाकण बसवून, धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून तारेत तुकडा जोडून देणारे लोक ह्या धंद्यात आहेत. घेणारा ज्या सुरक्षिततेसाठी मोठ्या गाडीचे नाव घेतो, तीच नेमकी ह्या गाडीत नसते. चोर्ल्याच्या वळणावर मुलेबाळे मागे बसलेली असताना ही गोष्ट कळून उपयोग काय?

कागदांकडे वळले, म्हणजे दलालाच्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा अर्थ लागतो. अमेरिकेत गाडी अशी निकालात निघाली, की तिच्या मालकीपत्रावरच ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का बसतो. दुरुस्तीनंतर तो ‘रीबिल्ट’ होतो, पण पुसला जात नाही. ब्रिटनमध्ये २०१७ सालापासून अशा गाड्यांचे चार वर्ग केले आहेत: पूर्ण मोडीत काढावयाच्या, केवळ सुटे भाग घेण्याजोग्या, सांगाड्याला इजा झालेल्या आणि न झालेल्या. तेथेही लबाडी होते. एका राज्याचा शिक्का दुसऱ्या राज्यात नोंदणी करून धुवून काढण्याचे प्रकार अमेरिकेत पुष्कळ झाले. आपल्याकडे मात्र धुवावयास शिक्काच नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे. परंतु विम्याच्या हिशेबात निकालात निघालेली गाडी कायद्याच्या अर्थाने ‘कायमची निकामी’ असतेच असे नाही, आणि म्हणून तिचे नोंदणीपत्र पुष्कळदा जसेच्या तसे चालू राहते. ‘कागद क्लिअर’ ह्याचा अर्थ गाडी निर्दोष आहे असा नव्हे. तिचा दोष कागदावर लिहिलेला नाही, एवढाच आहे.

ह्याच फटीतून आणखी एक अनर्थ शिरतो. चोर मोडलेली गाडी घेतात ती लोखंडासाठी नव्हे, नोंदणीपत्रासाठी. त्याच रंगाची, त्याच बनावटीची दुसरी गाडी चोरून तिच्यावर मोडलेल्या गाडीचा चासी क्रमांक कोरतात. २०२० साली लखनौ पोलिसांनी अशा टोळीकडून पुष्कळ महागड्या मोटारी जप्त केल्या. असली गाडी पकडली गेली, की घेणाऱ्याचे पैसेही जातात, गाडीही जाते, आणि चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात त्या निराळ्याच.

बैलाच्या बाजारात शहाणा शेतकरी काय करतो? तो शिंगांना लावलेल्या रंगाकडे पाहत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, नांगराला जुंपून चार पावले चालवितो, आणि विकणारा कोणत्या गावचा हे विचारतो. लाखांच्या मोटारीला निदान इतकी परीक्षा लागू करावयास हवी. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का ते पाहावे. जादा चाकाच्या खोबणीत हात घालावा. गालिचा उचलून वास घ्यावा. चासी क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. तो कोरलेल्या जागी, काचेपाशी आणि नोंदणीपत्रावर एकच आहे ना, हे ताडून घ्यावे. गाडी चालू करताना एअरबॅगचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर संशय घ्यावा. शेवटी ती गाडी तिच्या कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत, मग ती दूरच्या शहरात का असेना, उचलून व यंत्र लावून तपासून घ्यावी. ह्या तपासणीस विकणारा तयार नसेल, तर उत्तर मिळालेच.

सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर गाडीच्या नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा कळतो. अपघाताचा इतिहास तेथे लिहिलेला नसतो. तो आडवाटेने शोधावा लागतो. गाडी नेमक्या पुराच्या महिन्यापासून वर्षभर कार्यशाळेत गेलीच नाही का? विम्यात खंड पडला आहे का? मागील विमापत्रात दावा न केल्याबद्दलची सूट एकाएकी शून्य झाली आहे का? असे दुवे जुळविले, की न बोलणारे कागदही बोलू लागतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: विकणाऱ्यास प्रश्न लेखी विचारावा. १८७२ चा करार कायदा सांगतो, की बोलण्याचे कर्तव्य नसेल तेव्हा केवळ गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही. शिवाय साधी खबरदारी घेऊन घेणाऱ्यास सत्य कळण्याजोगे असेल, तर मौनाबद्दल त्याची तक्रार लंगडी पडते. परंतु ‘ही गाडी कधी पूर्ण नुकसानीत निघाली होती काय?’ असा प्रश्न विचारला आणि जाणूनबुजून खोटे उत्तर सहीनिशी दिले गेले, तर तेथे मौन उरत नाही, असत्य उरते. चार ओळींच्या ह्या कागदाला सोळा लाखांची किंमत आहे.

सौदा झालाच, तर तो अर्धवट ठेवू नये. ह्या गाड्या कोऱ्या सह्या केलेल्या फॉर्म २९ व ३० वर हातोहात फिरत राहतात. परराज्यातील गाडीला ना-हरकत दाखला लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे राहणार असेल, तर येथला क्रमांक व येथला कर लागतो, आणि कर्नाटकात भारी गाडीचा कर लहान नाही. तो खर्च किमतीत आधीच मिळवावा. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विमा उतरवितानाही गाडीचा इतिहास लपवू नये. लपविलेली गोष्ट विमा कंपनीला दाव्याच्या वेळीच सापडते.

मग अशी गाडी घ्यावी की घेऊ नये? जो स्वतः यंत्रे जाणतो, ज्याच्यापाशी सर्वेक्षकाचा मूळ अहवाल, दुरुस्तीच्या पावत्या आणि मोडतोडीची छायाचित्रे आहेत, आणि उद्या ती गाडी अंगणात उभी राहिली तरी ज्याच्या घरची चूल थांबणार नाही, त्याने खुशाल घ्यावी. ज्याची सारी पुंजी तीत जाणार आहे, ज्याला तीतून म्हातारी आई आणि मुले न्यावयाची आहेत, त्याने त्याच पैशात साधी, सरळ इतिहासाची मोटार घ्यावी. तिच्या नाकावर चांदीचे चिन्ह नसेल. पण तिच्याबद्दल रात्री काही आठवावे लागणार नाही.

ह्याला आणखी एक कसोटी आहे, आणि ती बाजारात कोणी सांगत नाही. घेतलेली मोटार प्रत्येकाला पुढे केव्हातरी विकावयाची असते. ज्या दिवशी खानापूरचा किंवा निपाणीचा एखादा गृहस्थ ती पाहावयास येईल, त्या दिवशी तिची सारी हकीकत त्याला सांगण्याचे धैर्य आपल्यापाशी असेल का, हे आज घेतानाच मनाशी ठरवावे. खरे सांगितले, तर भाव निम्म्यावर येईल. तो तोटा सोसण्याची तयारी असेल, तर सौदा स्वच्छ आहे. आणि मौन पाळून तोटा दुसऱ्याच्या पदरात टाकण्याचा बेत असेल, तर पहिल्या दलालात आणि ह्या गृहस्थात फरक तो कोणता? गाडीला झालेली इजा कुशल कारागीर दुरुस्त करू शकेल. हातोहात पुढे ढकललेले असत्य मात्र कोणत्याच कार्यशाळेत दुरुस्त होत नाही. ते कोणीतरी एकाने आपल्या दारातच थांबवावे लागते.