तक्रार करणाराच जज असेल तर?

आज बोलायचंय जादूगारांच्या कोर्टाबद्दल. पण आधी माझी एक गोष्ट.

सेकंड इयरला होतो. एका सरांनी तक्रार केली की मी जर्नलवर त्यांची सही स्वतःच मारली. मी मारली नव्हती. शिस्त समितीसमोर गेलो, तर मधल्या खुर्चीत तेच सर! बोलायला दोन मिनिटं मिळाली आणि पंधरा दिवस सस्पेन्ड. त्या रात्री टीव्ही सेंटरच्या रूमवर ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ पुन्हा उघडलं, आणि हॅरीची सुनावणी पहिल्यांदा नीट कळली.

आठवतंय ना? हॅरीनं डिमेंटरपासून जीव वाचवायला जादू केली, म्हणून केस. सुनावणी नऊची होती, ती ऐनवेळी आठची केली, खोलीही बदलली. समोर जांभळ्या झग्यातले पन्नासेक लोक, म्हणजे विझेनगामोट. प्रमुख खुर्चीत कोण? जादूमंत्री फज. सरकार त्यांचं, आरोप त्यांच्या खात्याचा, प्रश्नही तेच विचारणार. शेजारी अम्ब्रिज. आणि पुस्तकाच्या शेवटी कळतं की ते डिमेंटर तिनेच पाठवले होते! हॅरी सुटला, कारण डम्बलडोर साक्षीदार घेऊन वेळेआधी पोचले. सिरियससाठी असं कोणी आलं नाही. तो खटल्याशिवाय बारा वर्षं अझकाबानमध्ये सडला.

म्हणजे गडबड जादूत नाहीये, खुर्चीत आहे. सरकार आणि कोर्ट एकाच खुर्चीत बसलं की निर्दोष माणूससुद्धा नशिबावर सुटतो.

आपल्याकडे यावर उपाय लिहून ठेवलाय. राज्यघटनेचं कलम 50 सांगतं, न्यायपालिका सरकारपासून वेगळी ठेवा. कलम 22 नुसार अटक झालेल्याला 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. आणि सरकारच चुकलं तर? कलम 226 खाली थेट हायकोर्टात रिट याचिका. जालना रोडवरून जाताना आपण जे खंडपीठ बघतो ना, ते 27 ऑगस्ट 1981 ला सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची. दाद मागायची जागा लांब असेल तर हक्क कागदावरच राहतो.

आता कौन्सिलकडे येऊ. महापालिकेत साधारण पद्धत अशी, की आयुक्त प्रस्ताव ठेवतात, नगरसेवक सभेत भांडतात, प्रश्न विचारतात, मग मंजुरी. पण आपल्या शहरात एप्रिल 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली. कोविड, मग वॉर्डरचना आणि आरक्षणाचे वाद. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक राहिले. प्रस्ताव, मंजुरी आणि अंमलबजावणी, तिन्ही एकाच टेबलावर. अधिकारी चांगला असेल, काम भराभर होईलही. पण ‘साहेब, आमच्या वॉर्डात पाणी आठ दिवसांनी का?’ हे सभागृहात उभं राहून विचारणारा कुणी नसतो. नगरसेवकांची भांडणं बघून आपण हसतो खरं, पण ती भांडणं म्हणजेच चेक असतो.

माझं पुढे काय झालं? एका वकील ताईंनी सांगितलं, ‘रडत बसू नकोस, लेखी दे.’ मी अर्ज दिला, की तक्रारदार सोडून दुसऱ्या कोणी माझं ऐकावं. दुसरी समिती बसली, सह्या शेजारी ठेवून पाहिल्या. नवव्या दिवशी सस्पेन्शन उठलं. इंटर्नलचे मार्क मात्र गेले ते गेलेच.

म्हणून तुम्हाला कधी अशा खोलीत उभं राहावं लागलं, कॉलेज असो, सोसायटी असो की ऑफिस, तर तीन प्रश्न विचारा. तक्रार कोणाची? निकाल कोण देणार? आणि याच्या वर दाद कुठे? पहिल्या दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर तिथेच लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. वकील परवडत नसेल तर 15100 या नंबरवर मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करता येते.

डम्बलडोर प्रत्येकासाठी येत नाही, दोस्तांनो. पण अर्ज आपला आपल्याला लिहिता येतो. भेटू पुढच्या भागात!