टाकीचा श्वास



गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा तुम्ही कधी ना कधी फोडला असेल. एकाच कोपऱ्याला भोक पाडले तर तेल धड पडत नाही. गुटुक्‌गुटुक् करीत, थांबत थांबत येते आणि मध्येच भसकन् अंगावर सांडते. मग घरातले कोणी जाणते माणूस म्हणते, "अरे, समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाड." ते पाडले की धार सरळ लागते. हे दुसरे भोक तेल बाहेर येण्यासाठी नसते, हवा आत जाण्यासाठी असते. माझे आजचे सारे भाषण या दुसऱ्या भोकाविषयी आहे. फरक इतकाच, की आजचा डबा तेलाचा नसून विमानाच्या पेट्रोलचा आहे, आणि तो जमिनीपासून हजार फुटांवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, विमान आणि आमचा काय संबंध? पण हे कंपनीत तयार झालेले विमान नव्हे, घरी बांधलेले विमान आहे. अमेरिकेत असा उद्योग करणाऱ्यांची संघटना पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात मिल्वॉकी येथे काढली, आणि १९७० पासून ऑशकॉश या गावी त्यांची जत्रा भरत आली आहे. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. तेव्हा ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. यंत्राची विद्या मला नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याने चार वर्षे खपून दोन माणसांचे एक छोटे विमान बांधले. पंख वर, माणसे खाली. दोन्ही पंखांत एकेक टाकी, दोघी एकमेकींना नळीने जोडलेल्या. पेट्रोल आपल्याच वजनाने एंजिनात उतरते, पंप नाही. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखाच प्रकार. दोन्ही टाक्यांना मिळून हवेची नळी एकच, तिचे तोंड पंखाखाली.

अशा विमानाचे पहिले २५ ते ४० तास सर्वसाधारणपणे परीक्षेचे असतात. त्या काळात प्रवासी न्यायचा नाही, असा तिकडचा दंडक आहे. त्याचे वडील, आमच्याच तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, तेव्हा त्याच्याकडे राहायला गेले होते. मुलाच्या विमानात बसायचे हीच त्यांची हौस. पण तास पुरे व्हायचे होते.

एके दिवशी विमान वर चढत असताना तिसऱ्या मिनिटाला एंजिन खोकू लागले. खाली झाडे आणि मक्याची शेते. त्याने विमानाचे नाक खाली केले, वेग देणारा दांडा मागे ओढला, तेव्हा एंजिन रडतखडत चालू राहिले आणि तो कसाबसा धावपट्टीवर परतला. टाकीचे टोपण उघडून पाहिले, तर पेट्रोल काठोकाठ. एंजिन पुन्हा सुरू केले, अर्धा मिनिट पुऱ्या जोरात चालवले, तर दोष कुठेच नाही! त्याने गाळणी बदलली, कार्बुरेटर धुतला. दुसऱ्या दिवशी वर गेला, तर पुन्हा तोच खोकला. पुन्हा उतरला, टोपण उघडून पाहिले, पुन्हा सारे ठीक.

त्या रात्री त्याचा मला फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही कार्यकारणभाव शिकवायचा. सांगा आता, वर गेलं की आजारी पडतं आणि तपासायला घेतलं की बरं होतं, असं यंत्र असतं का?"

मी काही बोलण्याआधी मागून गुरुजींचा आवाज ऐकू आला, "टोपण उघडलंस तेव्हा आवाज झाला का रे?"

"झाला ना, अण्णा. फुस्स झालं. पेट्रोलची वाफ असतेच की."

"पण फुस्स बाहेर झालं, का आत?"

यावर मुलगा गप्प झाला. त्याने ते पाहिलेच नव्हते.

श्रोतेहो, गुरुजींनी हा प्रश्न कुठून आणला? डाळिंबाच्या बागेतून. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या झाकणाला हवा आत घेणारे एक बारीक भोक असते. ते औषधाच्या साक्याने बुजले, की दांडा हाणून हाणून हात दुखतात, पण फवारा मंदावतो आणि टाकीचे पोट आत जाते. झाकण सैल करावे, तर सुस्कारा सोडल्यासारखा आवाज होऊन पंप पूर्ववत. मोटरसायकलचेही तसेच. टोपणातले हवेचे भोक धुळीने बुजले, की गाडी चार मैलांवर बंद पडते, टोपण उघडले की सुरू होते, आणि आपण स्पार्क प्लगला दोष देत बसतो.

उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर येते, ती निराळी. कोंडलेली टाकी हवा आत ओढते. टोपणाजवळ कागदाचा कपटा धरला, तरी दोहोंतला फरक समजतो. मुलाला जे कोडे वाटत होते, त्याचे मर्म इथेच आहे. टोपण उघडणे ही त्याची तपासणी होती, आणि तेच नकळत औषधही होते. दर तपासणीत तो पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकीत होता.

आता याचा ढोबळ हिशेब करू. टाकीतले पेट्रोल एंजिनाच्या वर पाऊण मीटर आहे असे धरा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून त्याचा दाब सुमारे ५४ सेंटिमीटर उंच पाण्याइतका भरतो. वातावरणाचा दाब मात्र सुमारे १० मीटर उंच पाण्याइतका. म्हणजे पेट्रोलला खाली ढकलणारा जोर हवेच्या दाबाचा जेमतेम विसावा हिस्सा! टाकीतल्या हवेचा दाब तेवढा उतरला, की धार संपली. टाकी भरलेली आहे आणि वर २ लिटर हवा आहे, असे समजा. नवी हवा मुळीच आत आली नाही, तर १०० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जाताच धार थांबायला लागेल. पेट्रोलची वाफ काही भर घालते, म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक जाईल, इतकेच. उलट टाकी अर्धी रिकामी असेल तर हवेचा साठा मोठा, म्हणून दोष उशिरा दिसतो. भरल्या टाकीचे विमान आधी अडते, ही गोष्ट ऐकायला उफराटी वाटते, पण आहे खरी.

कोणी विचारील, मग जमिनीवरच का नाही अडले? कारण नळी पुरती बुजलेली नव्हती. एंजिन सावकाश चालते तेव्हा तासाला तीनचार लिटर पेट्रोल जाते, आणि तेवढीच हवा आत यावी लागते. ती अर्धवट बुजलेल्या नळीतूनही येते. पुऱ्या जोरात तासाला २० लिटर जाते, तेव्हा २० लिटर हवा हवी. ती येत नाही. पुरती बुजलेली नळी जमिनीवरच ओरडून सांगते. अर्धी बुजलेली नळी विमान झाडांच्या वर जाईपर्यंत दम धरते.

मग परीक्षा कशी करावी? मुलाने दुसऱ्या दिवशी केली ती अशी. विमान उघड्यावर उभे केले, आसपास आगीचे नाव नाही, आग विझवायचे साधन हाताशी. चढताना विमानाचे नाक जसे वर असते तसे ते उचलून ठेवले. एंजिनाजवळ पेट्रोलची नळी सोडवली आणि धार मापात धरली. अमेरिकेच्या विमान खात्याच्या मार्गदर्शिकेत यासाठी प्रमाण दिले आहे. पेट्रोल वजनाने उतरत असेल तर उड्डाणाच्या वेळी लागते त्याच्या दीडपट, आणि पंप असेल तर सव्वापट धार मिळाली पाहिजे. याच्या एंजिनाला तासाला २० लिटर लागते, म्हणजे धार ३० लिटरची, मिनिटाला अर्धा लिटर हवी.

प्रथम टोपण घट्ट लावून मोजले. सुरुवातीला धार चांगली होती, मग बारीक होत होत दोऱ्याएवढी राहिली. नंतर बाकी कशालाही हात न लावता केवळ टोपण उघडले. धार लगेच मोठी झाली आणि मिनिटाला पाऊण लिटर भरले. आम्ही तर्कशास्त्रात याला व्यतिरेकाची पद्धत म्हणतो. दोन वेळांत एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. गाळणी, कार्बुरेटर, पेट्रोल सारे तेच होते. बदलले ते टोपण. तेव्हा दोष हवेच्या वाटेत आहे, दुसरीकडे नाही.

नळी सोडवून पाहिली, तर आत मातीची गोळी, आणि गोळीत मेलेले कोळी. कुंभारीण माशीने पिलांसाठी घर केले होते! आपण 'झारीतले शुक्राचार्य' म्हणतो. त्या कथेत शुक्राचार्य पाणी बाहेर पडायच्या तोटीत बसले होते. हे शुक्राचार्य हवा आत यायच्या तोंडाशी बसले होते, म्हणून कोणाला दिसले नाहीत. वामनाने दर्भाची काडी खुपसली, तसे मात्र इथे करू नये. तार खुपसली तर माती आणखी आत जाते, आणि पंपाने जोराची हवा मारली तर पातळ पत्र्याची टाकी फुटू शकते. नळी सोडवून, वेगळी धुऊनच साफ करावी.

या माशीला हसू नका. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले मोठे प्रवासी विमान समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली. तिथे नळी पेट्रोलच्या टाकीची नव्हती, वेग मोजण्याची होती. ती बुजल्यामुळे वेग चुकीचा दिसू लागला, आणि बुजवणारी बहुधा अशीच एक कुंभारीण माशी असावी, असे तपासात म्हटले गेले.

हवेच्या नळीचे आणखी तीनचार आजार सांगतो. नळीचे तोंड चुकून मागे वळले, तर वाहता वारा हवा आत घालण्याऐवजी टाकीतून ओढून घेतो. तोंड पुढे असेल, तर ताशी १६० किलोमीटर वेगाला सुमारे १२ सेंटिमीटर पाण्याइतका दाब मदतीला मिळतो. दोन टाक्यांना दोन नळ्या असतील आणि त्यांची तोंडे सारखी वळलेली नसतील, तर एक टाकी भराभर रिकामी होते आणि दुसरी भरलेलीच राहते. नळीला मध्ये झोल असेल, तर त्यात पेट्रोल किंवा पाणी साचून बूच बसते. थंड मुलखात तोंडावर बर्फ धरतो, म्हणून आडोशाला हवेची आणखी एक वाट ठेवतात. आणि काठोकाठ भरलेले विमान उन्हात उभे केले, तर नळीतून पेट्रोल ठिबकते. तो मात्र नळीचा दोष नव्हे. ५० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे एक लिटर वाढते, ते जाणार कुठे? टाकीतच थोडी जागा मोकळी ठेवावी. ठिबक थांबावी म्हणून नळीला बूच मारणारा माणूस आपल्याच हाताने एंजिनाचा गळा आवळतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. एक प्लॅस्टिकची बाटली घ्या, तळाशी लहान भोक पाडा, पाणी भरा. पाणीच घ्या, रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच नको. झाकण काढून, मग झाकणाला सुईचे भोक पाडून, मग ते भोक मेणाने बुजवून, असे तीनदा पाणी सोडा आणि दर वेळी अर्ध्या मिनिटात किती पाणी आले ते मुलांकडून मोजवा. शेवटी मुलांना विचारा, "पाणी का थांबलं?" बहुतेक मुले तळाच्या भोकाकडे बोट दाखवतील. तिथे थोडे थांबा. उत्तर आपण सांगू नका. कोणीतरी मूल वर झाकणाकडे पाहील, त्याची वाट पाहा.

माझ्या विद्यार्थ्याने आता दोन टाक्यांना दोन स्वतंत्र नळ्या बसवल्या आहेत. तोंडाला बारीक जाळी आहे. विमान उभे असताना तोंडावर टोपी असते आणि टोपीला लांब तांबडी फीत, म्हणजे उडण्यापूर्वी ती काढायची राहू नये. तास पुरे होईपर्यंत गुरुजींची परतायची तारीख आली आणि त्यांना तसेच यावे लागले. ते पुढच्या वर्षी पुन्हा गेले, तेव्हा बसले. मुलाने मला सांगितले, "सर, अण्णा विमानात चढण्याआधी पंखाखाली वाकले. मी विचारलं, काय बघताय? तर म्हणाले, काही नाही रे, श्वास चालू आहे ना ते बघतो."

तुमच्या पंपाच्या झाकणाचे भोक उद्या सकाळी जरूर पाहा.