प्रीती आणि हिशेब



हमालांच्या युनियनच्या माणसाला ख्रिस्ती प्रीतीवर बोलावयास बोलावले, हे ऐकून आमच्याच काही सोबत्यांना हसू आले. आम्ही ख्रिस्ती नाही आणि पंडितही नाही. जे काही वाचले ते यार्डात, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. पण वाशीमला हा विषय परका नाही. नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायशर या अमेरिकन बाईंनी १९३८ साली येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले. परक्या मुलखातील माणसाची जखम धुवावयास समुद्रापलीकडून यावे, ही गोष्ट मोठीच. तरीही आम्हांस वाटते की अनोळखी रोग्यावर माया एक वेळ करता येते. रोज ज्याचे तोंड पाहावयाचे त्या भावावर, सुनेवर, शेजाऱ्यावर ती करणे जड जाते. त्यांच्याशी आपला जुना हिशेब असतो.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ख्रिस्ती लग्नांत वाचतात. पण ज्यांना तो लिहिला ती मंडळी आपसांत भांडत होती. त्यांच्यात तट पडले होते, एकत्र जेवणातसुद्धा एक तृप्त होई आणि दुसरा उपाशी राही. अशांना पौल सांगतो की प्रीती झालेल्या अपकाराची नोंद ठेवीत नाही. हे आम्हांस प्रथम खटकले. आमचा जन्म नोंदी ठेवण्यात गेला! १९६९ चा माथाडी कायदा आला तो हमालांनी हिशेब मागितला म्हणून. मजुरी कमी मिळाली आणि आम्ही प्रेमाने सोडून दिली, तर तो त्याग आमचा नव्हे, त्या हमालाच्या लेकरांचा. पुढे वाचले तेव्हा त्याच अध्यायात दिसले की प्रीतीला अन्यायात आनंद नाही. म्हणजे स्वतःच्या अपमानाची वही आपण फाडावी. दुसऱ्याच्या घामाची फाडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली बरीच वर्षे ताटातुटीत गेली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाई आपले सोवळे पाळीत होत्या, आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी ते सोडले. नवऱ्याने एवढी वाट पाहणे त्या काळी थोडे नव्हते. मात्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आम्हांस दुसरेही दिसते. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, ते देऊन मोकळे होत, आणि संध्याकाळच्या चुलीची काळजी बाईंकडे येई. टिळकांच्या उदारतेची थोरवी सारे गातात. तिची किंमत कोण मोजीत होते, हे बाईंनी हसत हसत लिहून ठेवले म्हणून कळले. आमच्या चळवळीतही जगाचे बंधू पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी शेवटी कोण जेवते, ते त्यांस विचारून पाहा.

आता यार्डातले एक सांगतो. एका टोळीत दोघे होते. शेताच्या धुऱ्यावरून दोघांचा दावा चालू, बोलणे बंद. पण पोते एकट्याने पाठीवर येत नाही. एकाने उचलून द्यावयाचे, दुसऱ्याने पाठ द्यावयाची; देणाऱ्याने हात क्षणभर आधी सोडला तर घेणाऱ्याची कंबर गेलीच. पहिल्याने कित्येक हंगाम अबोल्याने पोती दिली, एकदाही हात आधी सोडला नाही. दुसरा काविळीने दोन महिने घरी पडला, तेव्हा त्याच्या वाटणीचे ओझे यानेच उचलले आणि आठवड्याचा वाटा एका पोराच्या हाती त्याच्या घरी धाडला. “टोळीने दिला म्हणून सांग,” एवढेच बोलला.

धुऱ्याचा दावा त्याने सोडलेला नाही. पुढची तारीख उन्हाळ्यानंतरची आहे.